न लढणाऱ्यांची पलटण

वालावलकर काकांशी माझी ओळख त्यांच्या डोळ्यांपासून सुरू झाली. बदलापूर पश्चिमेला माझं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे बहुतेक माणसं मला आधी डोळे म्हणून भेटतात आणि बाकीची हळूहळू. काकांना जाऊन आता दोन वर्षं होत आली.

पहिल्यांदा आले तेव्हा चाचणीच्या खुर्चीत ताठ बसले. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचा म्हटलं, तर म्हणाले की अक्षरांसाठी माझं काही अडत नाही, पेपर बायको वाचून दाखवते. मग शर्टाच्या खिशातून एक काडेपेटी काढून त्यांनी ती अलगद उघडली. आत कापसावर एक घोडेस्वार आडवा झोपवला होता. घोड्यासकट उंची सव्वा इंच असेल. पागोट्याच्या घड्या दिसत होत्या, घोड्याचा लगाम दिसत होता, भाल्याच्या टोकाशी केसाएवढी लाल रेघ होती.

"ह्याचे डोळे मला दिसत नाहीत," काका म्हणाले. "हे दिसले की माझा चष्मा झाला."

सुधाकर वालावलकर मूळचे मालवणकडचे. अंबरनाथच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये चौतीस वर्षं साचे बनवायचं काम केलेलं. इंचाच्या हजाराव्या भागाला ते लोक 'थाऊ' म्हणतात, आणि काका जगातली सगळी मापं त्यातच सांगायचे. माझ्या दुकानाचा दरवाजा दोन थाऊ घासतो, असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. तो खरंच घासत होता.

तरुणपणी त्यांना ह्या छोट्या सैनिकांचा नाद होता. बोटीवर कामाला असलेल्या एका मावसभावाने परदेशातून पहिला डबा आणला. प्लास्टिकच्या बारीक चौकटीला चिकटलेले सुटे हात, पाय, बंदुका, घोडे. ते कापायचे, जोडायचे, रंगवायचे आणि मग टेबलावर मांडून इतिहासातली एखादी लढाई खेळायची. पट्टीने मोजून फौज पुढे न्यायची, गोळी लागली की नाही ते फाशाने ठरवायचं. चाळिशीच्या आसपास काकांनी हे सगळं एकदम सोडलं आणि डबे ट्रंकेत बंद केले. ती ट्रंक तीस वर्षं पलंगाखाली होती. त्यांचं घर मांजर्लीला तळमजल्यावर. नदी चढते त्या वर्षी तळमजल्यावरचे लोक सामान उचलून वरच्या मजल्यावर नेतात, तशी ती ट्रंकही एका पावसाळ्यात वर गेली. पाणी ओसरल्यावर ओल लागली का ते बघायला काकांनी ती उघडली. आत सहा डबे न फोडलेले निघाले. निवृत्त होऊन तेव्हा त्यांना सहा-सात वर्षं झाली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी ब्लेड आणि डिंक विकत आणला, आणि आठवड्याने ते माझ्याकडे आले.

त्यांना मोतीबिंदू होता. मी तसं सांगितलं, त्यांनी ऑपरेशन करून घेतलं, दोन्ही डोळ्यांचं. महिन्याभराने परत आले ते तक्रार घेऊनच. पिवळट झालेल्या डोळ्यांना निळा रंग मळका दिसायचा, म्हणून त्यांनी तो गडद करत नेला होता. आता सगळी पलटण लग्नाच्या मांडवासारखी भडक दिसत होती. हे सांगताना ते रागावलेले होते आणि आतून खूष होते. साठ स्वार त्यांनी पुन्हा रंगवले. एवढा वेळ कशाला घालवता, असं मी विचारलं तर म्हणाले, घाई लढाईत करायची, रंगात नाही.

त्यांच्या प्रत्येक सैनिकाला नाव होतं, आणि ती नावं टूलरूममधल्या माणसांची होती. हा शिंदे, दुसरी शिफ्ट. हा कुट्टी, लेथवरचा. हा पाटील, नेहमी उशिरा येणारा, म्हणून ह्याला मागच्या रांगेत ठेवलाय. खेळात एखादा सैनिक पडला तर काका 'मेला' असं कधी म्हणायचे नाहीत. "शिंदे रजेवर गेले," म्हणायचे, आणि त्याला उचलून बाजूच्या ताटात नीट उभा करायचे.

हे मला कळलं ते त्यांनी एका रविवारी मला घरी बोलावलं तेव्हा. त्यांच्या हॉलमधल्या जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड आणि त्यावर पानिपत मांडलेलं होतं. नलिनी काकूंनी हसत सांगितलं की आम्ही दोघं सहा महिने स्वयंपाकघरात जमिनीवर बसून जेवतोय, पानिपत उठलं की पाहुण्यांना बोलावणार आहोत. मला त्यांनी समोरच्या बाजूची फौज दिली. मला इतिहासातलं शाळेपुरतंच येतं, पण फासे माझ्या बाजूने पडत गेले आणि दोन तासांत मी जिंकले. काकांनी माझ्याशी हात मिळवला, चांगलं खेळलात म्हणाले. पण बदली शिक्षकाचं कौतुक करावं तसं ते कौतुक होतं. माझ्या खुर्चीत त्यांना दुसरंच कुणीतरी हवं होतं, हे मला तिथेच जाणवलं.

ते कोण, हे काकूंनी चहा गाळता गाळता सांगितलं.

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये होतचंद नावाचे एक गृहस्थ बटणं बनवायचे. छोटासा कारखाना, दोन मशिनं. सुरुवातीला साचा दुरुस्त करून घ्यायला ते काकांकडे आले आणि काडेपेटीतला सैनिक बघून तिथेच अडकले. पुढे बारा वर्षं प्रत्येक रविवारी काका दोन स्टेशनं जाऊन त्यांच्या पोटमाळ्यावर खेळायचे. होतचंद फाळणीत सिंधमधून आलेले. तेव्हा चार वर्षांचे होते. लष्कराच्या रिकाम्या बराकीत ते वाढले. लढाया त्यांना काकांपेक्षा जास्त पाठ होत्या.

एका रविवारी पानिपत मांडलं होतं. मराठ्यांची फौज पोकळ चौकोन करून निघाली होती, हे सगळ्यांना ठाऊक आहे. चौकोनाच्या पोटात काय होतं, तेही ठाऊक आहे. बायका, मुलं, यात्रेकरू, व्यापारी, नोकरचाकर, ज्यांना इतिहासात बुणगे म्हणतात. लढणाऱ्यांपेक्षा ते जास्त होते. काकांच्या मांडणीत मात्र चौकोनाचं पोट रिकामं असायचं. त्या दिवशी होतचंदनी खिशातून मूठभर पांढरी बटणं काढली आणि मधोमध ठेवली. म्हणाले, ही माणसं. आता फौज ह्यांच्या चालीने चालव.

काकांनी आधी हसण्यावारी नेलं. होतचंद ऐकेनात. मग शब्द वाढत गेला. ह्यांना नियम नाहीत, ह्यांना फासा नाही, हे नुसते पायात येतात, असं म्हणून काकांनी पट्टीने ती बटणं टेबलावरून खाली लोटली. होतचंद वाकले आणि फरशीवरून एकेक बटण वेचायला लागले. सगळी वेचून झाल्यावर म्हणाले, "जिनके लिए नियम नहीं, वो हम लोग थे, सुधाकर."

काका घरी आले. पुढच्या रविवारी त्यांनी बूट घातले आणि काढून ठेवले. त्याच्या पुढच्या रविवारी घातलेच नाहीत. ट्रंकेला कुलूप लागलं ते तेव्हा.

"भांडण झालं असतं तर मिटलं असतं," काकू म्हणाल्या. "ह्यांची चूक होती आणि ती ह्यांना कळली होती. मग जायचं कसं?"

दोन वर्षांनी होतचंदची आई वारल्याचं कारखान्यात कुणाकडून तरी कळलं. काका रजा टाकून उल्हासनगर स्टेशनपर्यंत गेले, फलाटावरच्या बाकावर तासभर बसले आणि परतीच्या गाडीने घरी आले. हे त्यांनी काकूंनाही दहा वर्षांनी सांगितलं.

त्या चहानंतर मी काकांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले, आणि त्यांच्या ते लक्षात आलं असावं. एका दुपारी दुकानात आले आणि कोपऱ्यातल्या बाकावर बसायची परवानगी मागितली. गिऱ्हाईक म्हणून नव्हे. त्यांना माणसं बघायची होती. सैनिक हवा तेवढा मिळतो, म्हणाले, बोचकं घेतलेली बाई कोणीच बनवत नाही. ती मला बनवायची आहे, आणि बाई ओझं घेऊन उभी कशी राहते हे मी आयुष्यात कधी बघितलेलंच नाही.

अशा चार-पाच दुपारी ते बसले. मांडीवर छोटी वही, हातात पेन्सिल. सासूचा चष्मा न्यायला जांभूळ गावची एक बाई आली होती, कडेवर वर्षाचं मूल. सगळं वजन एका पायावर, कंबर बाहेर काढलेली, मोकळ्या हाताने मोबाइल बघत होती. काका तिच्याकडे इतके टक लावून बघायला लागले की मला मध्ये पडून समजावावं लागलं. ती बाई मोकळ्या स्वभावाची होती. मूल सावरत म्हणाली, "म्हणजे आमाला पन लढाईत घेनार काय, बाबा?"

"नाही," काका म्हणाले. "लढाईतून बाहेर काढणार."

ती पाच मिनिटं तशीच उभी राहिली.

घरी ते सैनिकांच्या हातातल्या बंदुका कापायचे, खांदे गरम पाण्यात मऊ करून वाकवायचे, पुट्टीने लुगडी चढवायचे. टूथपिकच्या टोकाची बोचकी केली. मुलं नुसत्या पुट्टीची, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी. दहा महिन्यांत शंभरावर माणसं झाली. ह्यांना टूलरूममधली नावं नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणाले, ह्यांची नावं मी ठेवायची नाहीत.

मग एकदा ते पोलादी पट्टी घेऊन आले. टूलरूममधली, आयुष्यभर जपलेली. मला म्हणाले, ही मध्ये वाकली आहे का बघा, दोन थाऊ तरी असेल. मी पट्टी काचेच्या काउंटरवर ठेवली. पट्टी सरळ होती. चौकटीचौकटीचा एक तक्ता असतो, तो समोर धरला आणि एकेक डोळा झाकायला सांगितला. डाव्या डोळ्याने बघताना ते म्हणाले की मधल्या रेघा खड्ड्यात पडल्यासारख्या दिसतात. उजव्याने थोड्या कमी.

डोळ्याच्या आतला पडदा खराब होत होता. ह्याला चष्मा नसतो. मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं, डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली. डाव्यातलं जे गेलं होतं ते गेलंच होतं, उजव्यातलं किती टिकेल ते डॉक्टर सांगू शकत नव्हते. काकांनी मला एवढंच सांगितलं की सगळ्यांचे कपडे रंगवून झालेत, चेहरे राहिलेत, आणि आता चेहरे होणार नाहीत.

पुढच्या गुरुवारी, दुकान बंद असतं त्या दिवशी, मी त्यांना उल्हासनगरला, कॅम्प चारला घेऊन गेले. दुकानांच्या पाट्या त्यांना धड वाचता येत नव्हत्या म्हणून मला सोबत घेतलं, असं ते म्हणाले. प्रत्यक्षात प्रत्येक वळण त्यांनीच सांगितलं. मिठाईवाला, मग कापडाचे गाळे, मग डावीकडची गल्ली. मांडीवर खोका होता. रिक्षा खड्ड्यात गेली की ते खोका दोन्ही हातांनी वर उचलायचे.

कारखान्याच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीत एक गोरेपान, थकलेले गृहस्थ बसले होते. मांडीवर स्टीलची परात, तिच्यातली चांगली आणि वाईट बटणं वेगळी करत होते. काका त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. होतचंदनी वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग आत मुलाला हाक मारून दोन खुर्च्या आणायला सांगितल्या.

काका बसले आणि जे पहिलं वाक्य बोलले, ते तीस वर्षं तयार असावं.

"अम्मा गेल्या तेव्हा मी स्टेशनपर्यंत आलो होतो."

"मालूम है," होतचंद म्हणाले. "भांजे ने देखा था तुझे, बाकड्यावर. मैंने घरवालों को बोला, रुको थोडा. सुधाकर अगली गाडी के बाद आएगा."

काकांनी मान खाली घातली. मी रस्त्याकडे बघत राहिले. आत मशिनचा ठक ठक आवाज चालू होता, आणि तो चालू होता हे बरंच होतं.

मग खोका उघडला. होतचंदनी एकेक माणूस उचलून डोळ्यांजवळ धरला. म्हातारे, बायका, डोक्यावर गाठोडं घेतलेला एक लंगडा, जांभूळची ती बाई. पंधरा-वीस बघून झाल्यावर मुलाचा हात धरून धावणारी एक आई त्यांनी बाजूला काढली आणि मान हलवली. भागते वक्त हाथ नहीं पकडते, म्हणाले. हात सुटतो. आई मुलाला कापडाने कमरेला बांधते. स्वतःच्या पोटावरून त्यांनी बोट आडवं फिरवलं, गाठ कुठे यायची ते दाखवलं. अजून आठवतं, म्हणाले, इथे काचत होतं.

काकांनी विचारलं, चेहरे राहिलेत, त्याचं काय करू?

"रहने दे. मुझे भी किसी का चेहरा याद नहीं."

त्यानंतरच्या रविवारी होतचंद मुलाच्या गाडीतून मांजर्लीला आले. सकाळी दहाला खेळ सुरू झाला. काकूंनी आणि मी खुर्च्या भिंतीला लावून बसून घेतलं. ह्या वेळी चौकोनाच्या पोटात ती शंभर-सव्वाशे माणसं होती, आणि सगळी आई-मुलं कापडाने बांधलेली होती, ते काम काकांनी आठवड्यात हाताने चाचपत केलं होतं. नियम नवा होता. बुणगे एका खेपेला तीन इंच चालणार, आणि फौजेने त्यांना सोडून पुढे जायचं नाही. त्यांना टेबलाच्या दक्षिणेच्या कडेपर्यंत पोचवायचं.

मी आधी जो खेळ खेळले होते तो हा नव्हताच. काका तोफा पुढे नेऊ शकत नव्हते, घोडदळ मोकळं सोडू शकत नव्हते. प्रत्येक चालीला त्यांची पट्टी तीन इंचांवर थांबायची. होतचंदनी कसलीही सूट दिली नाही. फासा पडला की पडला. त्यांचे स्वार चौकोनाच्या मागच्या बाजूने आत घुसले आणि बुणग्यांतली पहिली बाई पडली. काका सवयीने म्हणाले, "रजे..." आणि थांबले. तिला त्यांनी उचललं. ताटात उभी करायची होती, पण हातातच धरून बसले.

"गेली," ते म्हणाले.

दुपारी त्यांनी तोफा सोडून दिल्या. सगळे गारदी, म्हणजे त्यांचे सर्वांत चांगले बंदूकवाले, ज्यांत शिंदे होते, कुट्टी होते, त्यांना त्यांनी वाटेत आडवं उभं केलं आणि तिथेच राहू दिलं. ते सगळे संपले. पण तेवढ्या वेळात बाकीचे सरकत राहिले, तीन इंच, तीन इंच. चारच्या सुमाराला पहिली माणसं कडेला पोचली. अंधुक दिसत असल्यामुळे काका प्रत्येकाला बोटाने चाचपून ओळखत होते आणि कडेवरून उचलून काकूंच्या हातात देत होते. काकू पदरात घेत होत्या. साधारण तिसरा हिस्सा बाहेर पडला. बाकीचे टेबलावर राहिले.

नियमाप्रमाणे होतचंद जिंकले होते. काकांनी तसं सांगून हात पुढे केला. होतचंदनी तो धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग दोघंही दमून गेले आणि काकूंनी खिचडी टाकली.

त्यानंतर ते दोघं दर रविवारी भेटायचे. लढाई पुन्हा मांडली की नाही, मला माहीत नाही. काकांना इंजेक्शनांनी वर्षभर साथ दिली, मग उजवा डोळाही मधोमध रिकामा झाला. दुकानात यायचे ते काकूंचा हात धरून, आणि माझा दरवाजा घासतो का हे कानाने ऐकायचे.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते दिवाळीनंतर, जांभूळच्या रस्त्यावर. मी एका नातेवाइकांकडून परत येत होते. समोर धनगरांचा तांडा रस्ता ओलांडत होता, घाटावरून खाली उतरलेला. मेंढ्या, कुत्री, पाठीवर संसार बांधलेली घोडी, त्यांवर बसवलेली लहान मुलं, बाजूने चालणाऱ्या बायका. सगळ्या गाड्या थांबल्या होत्या. होतचंदच्या मुलाची गाडीही थांबलेली होती, आणि ते दोघं म्हातारे खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभे होते. होतचंद काकांच्या कानाशी वाकून एकसारखं काहीतरी सांगत होते. काकांनी तोंड दुसरीकडेच, शेताकडे वळवलं होतं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं की ह्यांना त्यात काही रस नाही. पण डोळ्याचा मधला भाग गेला की माणसं कडेने बघायला शिकतात. समोरचं दिसायला मान वळवावी लागते. मी गाडीतून उतरले नाही. शेवटची घोडी पलीकडे गेली, मागून दोन मेंढ्या धावत गेल्या, आणि गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली तरी काका तसेच, मान वळवून बघत उभे होते.